डी ड्राइव्हवरची कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे!

आज रात्री घरचा कॉम्प्युटर बंद पडला, तर उद्या सकाळी कोणाकडून किती येणं आहे हे तुम्हाला सांगता येईल का? नाही? मग हा धडा तुमच्यासाठीच.

"सर, डी ड्राइव्हवर कॉपी ठेवलीय की!" असं बरेच जण म्हणतात. अहो, सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. म्हणून ३-२-१ हा नियम पाळा.

३ प्रती: एक मूळ, दोन बॅकअप.

२ वेगळी साधनं: कॉम्प्युटर आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर तिच्यातल्या फायलीही लॉक करू शकतो.

१ प्रत घराबाहेर: आग, पाणी, चोरी यांसाठी. गुगल ड्राइव्ह चालेल. पण नुसत्या सिंकवर विसंबू नका. कॉम्प्युटरवर फाइल डिलीट झाली की तिथूनही जाते आणि ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. दर आठवड्याला तारीख टाकून वेगळी प्रत चढवा.

लक्षात घ्या, जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. इतकी वर्षं एकच डिस्क साथ देईल, या भरवशावर राहू नका.

गृहपाठ: या रविवारी बॅकअपमधली एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली, तरच तो बॅकअप!