व्हेंटिलेटर काढला तर पाप लागेल का?



नोव्हेंबर महिन्यात आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, गेलेल्यांसाठी मिस्सा अर्पण करतो. पण जे अजून आपल्यात आहेत आणि फार दिवसांचे सोबती नाहीत, त्यांच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. आज त्यांच्याविषयी थोडे.

मी नुकताच धर्मगुरू झालो होतो. एके रात्री शहरातील एका इस्पितळातून एका मुलाचा फोन आला. आईचे वय ऐंशीच्या पुढे, कर्करोग यकृतात आणि फुप्फुसात पसरलेला, व्हेंटिलेटरवर अकरावा दिवस. सुधारणा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. "फादर, मशीन काढायला सांगितले तर मला पाप लागेल का?" सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या मला हे उत्तर परीक्षेत सहज लिहिता आले असते. फोनवर मात्र मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील तसे करा, मी प्रार्थना करतो." आई आणखी नऊ दिवस तशीच राहिली. नळी ओढू नये म्हणून तिचे हात बांधले होते. मी रुग्णाभ्यंग द्यायला पोहोचलो तेव्हा तिची शुद्ध हरपली होती. बिलासाठी वाडीचा एक तुकडा विकला गेला.

त्या मुलाला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर असे: नाही, पाप लागत नाही.

ही शिकवण नवी नाही. सोळाव्या शतकातील स्पॅनिश डॉमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी लिहून ठेवले आहे की, आयुष्य वाढेल म्हणून रोज महागडी कोंबडी खाण्याचे बंधन आजाऱ्यावर नाही. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांना हेच समजावले: साधारण उपचार घेणे कर्तव्य, असाधारण उपचारांची सक्ती नाही. आजाऱ्यावर फार मोठा भार टाकणारे आणि लाभाची आशा नसलेले उपचार थांबवता येतात, असे कॅटेकिझमही सांगतो (परिच्छेद २२७८). येथे आपण मृत्यू घडवून आणत नाही, तो रोखता येत नाही हे स्वीकारतो. प्राण जावा म्हणून इंजेक्शन देणे ही मात्र हत्याच, मग ती दयेपोटी का असेना.

वेदनाशामकांविषयीही आपल्याकडे उगाच भीती आहे. मॉर्फीन म्हणजे शेवट, असे अनेकांना वाटते. डॉक्टरांनी योग्य मात्रेत दिलेले मॉर्फीन वेदना आणि धाप कमी करते. त्याने गुंगी आली किंवा आयुष्य थोडे घटण्याची शक्यता असली, तरी हेतू वेदनाशमनाचा असेल तर ते देता येते, असे त्याच पोपमहोदयांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये सांगितले होते. सेमिनरीत यालाच 'दुहेरी परिणामाचे तत्त्व' म्हणतात. येशूने क्रूसावर खिळले जाण्याआधी गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला (मार्क १५:२३), हे खरे. पण तो त्याचा स्वतःचा निर्णय होता. दुसऱ्याच्या वतीने दुःख सोसण्याचा निर्णय आपण घेऊ नये.

अन्न-पाणी, कूस बदलणे, तोंड पुसणे हे मात्र शेवटपर्यंत द्यायचे. शरीर अन्न घेईनासे झाले तर बळजबरी नको. अखेरच्या दिवसांत भूक मरतेच; "आम्ही आईला उपाशी ठेवले" म्हणून रडणाऱ्या लेकींनी हे ध्यानात घ्यावे. ओल्या कापसाने ओठ भिजवणे हीसुद्धा सेवाच.

'आता करण्यासारखे काही नाही' हे वाक्य मला पटत नाही. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, हेच तर करण्यासारखे असते. ती केवळ कर्करोगासाठी नाही. हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसाचे जुने आजार, स्मृतिभ्रंश यांतही लागते. इतर उपचार चालू असतानाच ती सुरू करता येते, घरीही देता येते. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली आपल्या वांद्र्यातच उभे राहिले. पुढच्या टप्प्यातील कर्करोगाच्या रुग्णांची तेथे विनामूल्य सेवा होते.

कायद्याविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी डॉक्टरांची दोन मंडळे तपासणी करतात. इच्छापत्र नसेल तरी कुटुंबीयांच्या संमतीने हा मार्ग खुला असतो. पण मग भावंडांत "तू सांगितलेस, मी नाही" सुरू होते. म्हणून आई-बाबा धडधाकट असतानाच विचारून ठेवा. कागद करण्याआधी वाटल्यास माझ्याशीही बोला.

पोप जॉन पॉल दुसरे २००५ साली अखेरच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात गेले नाहीत. व्हॅटिकनमधील आपल्या खोलीतच, प्रार्थना चालू असताना, २ एप्रिलला त्यांनी देह ठेवला.

आणि एक विनंती. रुग्णाभ्यंगाला अजूनही काही जण 'शेवटचे तेल' म्हणतात आणि फादर दिसले की आजारी माणूस घाबरेल म्हणून बोलावत नाहीत. गंभीर आजार किंवा म्हातारपणाचा अशक्तपणा असला की हा संस्कार घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही. माणूस शुद्धीवर असताना बोलवा, म्हणजे त्याला पापनिवेदन करता येईल, ख्रिस्तप्रसाद घेता येईल, मुलांशी दोन शब्द बोलता येतील. रात्री दोन वाजता फोन केला तरी मी येईन.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू