रंगाखालचा गंज



विळा पावसात भिजला आणि तसाच कोपऱ्यात टाकला, तर चार दिवसांत त्यावर तांबूस थर दिसतो. तो गंज. गव्हावर तांबेरा पडतो, हे आपण जाणतो. गंज हा लोखंडावरचा तांबेराच म्हणा ना! फरक एवढाच, की तांबेरा जिवंत बुरशीमुळे होतो. गंज जिवंत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिघे एकत्र आली की गंज चढतो. त्यात मीठ मिसळले तर तो फार लवकर चढतो. म्हणून कोकणात समुद्रकाठचे पत्रे लवकर सडतात.

आज आपण विलायतेतील एका जुन्या मोटारीची हकिकत वाचू. मोटार आपली नाही, मुलूखही आपला नाही. पण गंज तोच आहे.

मोटार कोणती?

इंग्लंडात ऑक्सफर्ड नावाचे शहर आहे. तेथे विल्यम मॉरिस नावाचा एक माणूस सायकली दुरुस्त करीत असे. पुढे तो मोटारींचा मोठा कारखानदार झाला. त्याच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या धंद्याच्या नावावरून एम. जी. हे मोटारींचे नाव पडले. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन येथे या मोटारींचा कारखाना होता.

१९६२ साली त्या कारखान्यातून एम. जी. बी. नावाची मोटार निघाली. बुटकी, दोन माणसांची, वरून उघडी आणि वेगाने पळणारी. हौसेची मोटार म्हणा. पुढे टपाची मोटारही निघाली. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक मोटारी झाल्या. १९८० साली तो कारखाना बंद पडला. आज आपल्या रस्त्यांवर एम. जी. नावाच्या नव्या मोटारी दिसतात. नाव तेच आहे; कारखाना आणि मालक वेगळे आहेत.

या जुन्या मोटारी लोक अजून जपतात. पुष्कळ जण घरच्या घरी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने त्यांचे अंग दुरुस्त करतात. अंग म्हणजे मोटारीचे पत्राकाम.

मोटारीचा उंबरठा

बैलगाडीला साटा असतो. ट्रकला खाली चासी असते. सगळा भार तिच्यावर. एम. जी. बी.ला अशी वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून तिचे अंग तयार केले आहे. उघड्या मोटारीला टपाचाही आधार नाही. म्हणून पुढची आणि मागची बाजू एकमेकींना धरून ठेवण्याचे मोठे काम दारांखालच्या दोन लांब, पोकळ पेट्या करतात. त्यांना इंग्रजीत सिल म्हणतात. सिल म्हणजे उंबरठा. आपणही उंबरठाच म्हणू.

आता बघा काय होते. विलायतेत थंडीत रस्त्यावर बर्फ धरते. ते वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. चाकाने उडालेला खारट चिखल पुढच्या मडगार्डच्या आत साचतो. ओल उंबरठ्यात शिरते. गंज आतून खाऊ लागतो. बाहेर मात्र रंग चकचकीत! ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ म्हणतात, तशातली गत.

काही लोक भोकात लांबी भरतात. लांबी म्हणजे रंगाआधी खळगे बुजवायला लावतात ते लुकण. काही लोक सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवतात. वर रंग मारतात आणि मोटार विकून मोकळे होतात. घेणाऱ्याला वाटते, मोटार नवी झाली. खरे म्हणजे ती पोकळ झालेली असते.

हे ओळखावे कसे? पत्र्याला लोहचुंबक लावावे. लांबी जाड असेल तर ते चिकटत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खालून टोचून बघावे. सडका पत्रा पापडासारखा मोडतो. दाराच्या फटी बघाव्या. उंबरठा खचला की मोटार मधोमध खाली बसते. दाराची वरची फट अरुंद होते. दार घासते.

आमची चूक

आम्ही कोणाला नावे ठेवीत नाही. ही चूक आम्ही स्वतः केली आहे. आमच्या घरी धान्याची पत्र्याची कोठी होती. तळाशी गंज दिसला. आम्ही वरवर काचकागद फिरवला आणि हिरवा रंग फासला. कोठी झकास दिसू लागली. त्या वर्षी पाऊस जास्त झाला. दसऱ्याच्या आधी कोठी उपसली, तो तळ गेलेला आणि खालची ज्वारी काळी पडलेली! दोन पोती ज्वारी उकिरड्यावर टाकावी लागली. घरात कोणी एक शब्द बोलले नाही. तेच मनाला जास्त लागले.

ज्वारी पुढच्या सालीही पिकते. पण सडक्या उंबरठ्याच्या मोटारीला अपघात झाला आणि आतला माणूस गेला, तर तो परत येत नाही.

काम कसे करतात?

पहिले काम कापण्याचे नाही. पहिले काम मोजण्याचे. दारांच्या फटी मोजून वहीत लिहितात. फोटो काढतात. काढलेला प्रत्येक बोल्ट डबीत ठेवून वर चिठ्ठी लावतात. सहा महिन्यांनी ‘हा बोल्ट कुठला?’ हे कोणालाच आठवत नाही. लिहिता येण्याचा उपयोग असा पदोपदी होतो.

दुसरे काम आग टाळण्याचे. बॅटरी सोडवतात. पेट्रोलची टाकी काढून दूर नेतात. रिकामी टाकी बिनधोक, असे कोणी समजू नये. तिच्यात पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी पडताच ती फुटते. आपल्याकडेही पेट्रोलच्या, रॉकेलच्या किंवा डिझेलच्या रिकाम्या पिंपाला वेल्डिंग करू नये. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

तिसरे काम टेकू देण्याचे. भिंत उतरवण्याआधी आपण आढ्याला टेकू देतो. तसेच येथे. मोटार सपाट जागी भक्कम घोड्यांवर ठेवतात. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरत नाहीत. दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या जोडून ती बांधून टाकतात. टेकू न देता उंबरठा कापला, तर मोटार वाकते. मग ती वाकडी असतानाच नवा उंबरठा जोडला जातो आणि दार जन्मभर लागत नाही. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. एक पुरी झाल्यावरच दुसरी.

चौथे काम कापण्याचे. येथे मन घट्ट लागते. बाहेरचा पत्रा काढला की आत आणखी पत्रे दिसतात. तेही सडलेले निघतात. दोन बोटे कापायची म्हणून सुरुवात होते, आणि हातभर कापावे लागते. चकचकीत, निरोगी लोखंड लागेपर्यंत थांबायचे नाही. सडक्या कडेला वेल्डिंग धरत नाही. ती जळून भोक मोठे होते.

पाचवे काम जोडण्याचे. नवा पत्रा आधी पकडींनी धरतात. दार लावून बघतात. फट वहीतल्या मापाप्रमाणे आली, तरच वेल्डिंग. तेही थोडे येथे, थोडे तेथे. एकाच जागी उष्णता दिली तर पातळ पत्रा वेडावाकडा होतो. डोळ्यांवर काळी काच, हातांत कातडी मोजे आणि जवळ पाण्याची बादली हवीच. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर ताप भरतो. म्हणून मुलामा आधी घासून काढतात आणि काम मोकळ्या हवेत करतात.

सहावे काम पुन्हा गंज येऊ नये याचे. सांधे बुजवतात, अस्तराचा रंग देतात. पोकळ पेटीच्या आत पातळ मेण फवारतात. पाणी निघून जाण्याची खालची भोके मोकळी ठेवतात. वरचा रंग सगळ्यांत शेवटी.

कधी कधी अंगात जीवच उरलेला नसतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून जुन्या साच्यांवर या मोटारीचे संपूर्ण नवे अंग करून विकते. ते महाग पडते. पण ठिगळावर ठिगळ लावण्यापेक्षा बरे.

साहेब कोण?

इंग्लंडात मोटारींची दर वर्षी तपासणी होते. पण २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा फेरफार न केलेल्या मोटारींना त्या तपासणीची सक्ती नाही. म्हणजे एम. जी. बी.चा उंबरठा तपासायला साहेब येईलच असे नाही. मोटार धोक्याची असताना रस्त्यावर आणणे मात्र आजही गुन्हाच आहे. सक्ती सुटली, जबाबदारी सुटली नाही. मालकाचा डोळा हाच साहेब.

आपल्या कोठीचा तळ, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक, विहिरीवरची शिडी, पोरांचा लोखंडी झोपाळा हे तपासायला तरी कोणता साहेब येतो? आपणच वाकून बघायचे. हातोडीने हलके ठोकायचे, टोकाने टोचायचे. गंज दिसला तर तो मुळापर्यंत खरवडायचा, मगच रंग लावायचा. आत सडले असेल तर भाग बदलायचा. ट्रॉलीच्या हुकासारखे जोखमीचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यायचे.

रंग चांगलाच. पण तो झाकण्यासाठी नाही, जपण्यासाठी आहे.

प्रश्न

१. गंज चढण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. उंबरठा कापण्याआधी टेकू का देतात?
३. रिकाम्या पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग का करू नये?
४. आपल्या घरातील व शेतातील लोखंडी वस्तू तपासा. कोठे गंज आहे, ते वहीत लिहून आणा.