नुसती वाटी भरून भागत नाही

जिन्याखाली मांजरीचं पिल्लू ओरडायला लागलं की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एका तासात वाट्या जमतात. कुणी दूध आणतं, कुणी पोळीचा कुस्करा, तर कुणी मासे साफ केल्यावर उरलेली डोकी. माणसं मायाळू आहेत, यात शंका नाही. पण तेच पिल्लू मोठं होऊन माजावर येतं, रात्री-अपरात्री आक्रोश करू लागतं, तेव्हा त्याच घरांतून सेक्रेटरींकडे तक्रारी जातात आणि कुणीतरी पोतं शोधायला लागतं. मासळीबाजारामागे सोडून दिलेली मांजरं मी पाहिली आहेत. म्हणूनच, जो खाऊ घालतो त्यानेच निर्बीजीकरणाचं ऑपरेशनही करून घ्यावं, या मतावर मी आता ठाम आहे.

हे मत मनीमुळे झालं. मनी तिरंगी होती. काळा, पांढरा आणि केशरी असे तिन्ही रंग अंगावर असलेलं पिल्लू जवळजवळ नेहमी मादीच असतं, त्यामुळे ती भाटी आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चार महिन्यांची झाल्यावर तिला एका दवाखान्यात नेलं. तिथे सांगितलं, “सहा-सात महिन्यांची होऊ द्या, एक माज येऊन जाऊ द्या, मग बघू.” शेजारच्या काकूंचं म्हणणं त्याहून पुढचं. “अगं, एकदा तरी विऊ दे तिला. मुक्या जिवाचं आईपण हिरावून घेऊ नये, पाप लागतं.” आम्ही थांबलो. मनी मात्र थांबली नाही. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि तिचा गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो. म्हणजे जे वय आपल्याला खेळायचं वाटतं, त्या वयात ती आई होते.

मनी पंपरूमच्या मागे व्याली. तीन पिल्लं. ती दूध सोडायच्या बेतात असताना एकाला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब, मग मान टाकली. दुसऱ्या डॉक्टरांनी पाहताक्षणी पॅनल्यूकोपेनियाची शंका सांगितली. हा मांजरांचा पार्व्हो विषाणू लस न टोचलेल्या पिल्लांना झपाट्याने नेतो आणि जमिनीवर, टोपलीत, कपड्यांत कित्येक महिने टिकून राहतो. दोन पिल्लं गेली. मनी त्या वेळी उरलेल्या एकाला पाजत होती आणि पुन्हा माजावरही आली होती. पाजणारी मांजरी गाभण राहत नाही, हा समज साफ खोटा आहे. ती दोन पिल्लं गेली ती माझ्या डोळ्यांसमोर. “एकदा विऊ दे” हा सल्ला मी त्यानंतर कुणाकडूनही ऐकून घेतलेला नाही. एक वेत झाल्याने मांजरीच्या तब्येतीला कसलाही फायदा होत नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका खूप घटतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो.

आता कुणी विचारलं तर मी काय सांगते, ते लिहिते.

पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. लांबून पाहा, आणि शंका असेल तर पिल्लांभोवती पिठाची रेघ मारून ठेवा. रेघ पुसली गेली असेल तर आई येऊन गेलेली असू शकते. पिल्लं गाडीखाली, पाण्यात किंवा कुत्र्यांच्या वाटेत असतील तर मात्र थांबण्यात अर्थ नाही. उचललेलं पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब द्या, कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घातलं तर ते पचत नाही, श्वासनलिकेतही जाऊ शकतं. पाजताना त्याला पालथंच ठेवायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही. गाईचं दूध बहुतेकांना बाधतं, हगवण लागते आणि लहान जीव त्यातच सुकतो. मांजरांच्या पिल्लांसाठीची दूध-पावडर मिळते, तीच आणा. महिन्याभराचं झालं की उकडलेलं, बारीक केलेलं चिकन चालतं, पण घरच्या रश्श्यातलं नाही, कारण कांदा-लसूण मांजरांना विषारी असतो. घरात आधीचं मांजर असेल तर नव्या पिल्लाला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लसीकरण सुरू करा, आणि तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लसही टोचून घ्या. पकडताना नख किंवा दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन स्वतःची लस घ्या. “पिल्लूच तर आहे” म्हणून हे टाळू नका.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुष्कळ ठिकाणी सरसकट “रात्रीपासून उपाशी ठेवा” असं सांगतात. मोठ्या मांजराला ते चालून जातं, पण चार महिन्यांच्या पिल्लाची साखर इतक्या उपासाने धोकादायक खाली जाऊ शकते. लहान पिल्लाला सहसा काही तासच पुरतात. किती, ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांशीच बोलून ठरवा, काउंटरवरच्या माणसाशी नाही. मनीच्या वाचलेल्या पिल्लाच्या वेळी मी अडून बसले आणि डॉक्टर फोनवर आल्याशिवाय तारीख घेतली नाही. पिल्लाचं वजन करतात का, भूल उतरेपर्यंत अंगाखाली ऊब ठेवतात का, हेही विचारा. विचारलेलं आवडत नसेल, तर तो दवाखाना तुमच्यासाठी नाही.

नेताना-आणताना घट्ट कडी लागणारा पिंजराच हवा. चेनची कापडी पिशवी किंवा भाजीची टोपली रिक्षात कधी उघडेल सांगता येत नाही, आणि भुलीच्या गुंगीत पळालेलं मांजर सापडणं कठीण. घरी आणल्यावर अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा, उंचावर चढू देऊ नका. भाटीला साधारण दहा ते चौदा दिवस टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात कोन किंवा अंगात कपडा लागतो. बोका दोन-तीन दिवसांत हुंदडू लागतो, पण ऑपरेशननंतरही महिनाभर त्याला माद्यांपासून दूर ठेवा, कारण तेवढा काळ तो मादीला गाभण करू शकतो. दुखत असेल म्हणून स्वतःच्या डब्यातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराला मारू शकते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, टाक्यातून रक्त थांबेना, दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावलं नाही, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

मांजर पुन्हा बाहेरच राहणार असेल तर भूल दिलेली असतानाच डाव्या कानाचं टोक किंचित कापून घ्या. त्याला तेव्हा ते कळत नाही, आणि पुढे कुणी त्याच मांजरीला पकडून पुन्हा पोट उघडायची वेळ येत नाही.

खर्चाची अडचण खरी आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकेने संस्थांच्या मदतीने मांजरांचं निर्बीजीकरण हाती घेतलं आहे, वॉर्ड ऑफिसात चौकशी करा. नाहीतर वाट्या आणणाऱ्या घरांनी मिळून वर्गणी काढावी. गणपतीला निघते, याला का निघू नये? आणि सोसायटीच्या सभेत कुणी “लांब सोडून या” म्हणालं तर शांतपणे सांगा की, प्राण्याला उपासमार होईल अशा रीतीने सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय एक गेलं की रिकाम्या जागेत दुसरं येतं. ऑपरेशन झालेली मांजरं तिथेच राहिली तर संख्या वाढत नाही, रात्रीचा आक्रोश थांबतो, बोक्यांच्या मारामाऱ्या कमी होतात.

मनी आणि तिचं पिल्लू दोघंही आता आमच्याच आवारात असतात, दोघांचेही डावे कान टोकाला कापलेले आहेत. तुमच्या जिन्याखाली एखादं पिल्लू असेल, तर आजच्या वाटीबरोबरच याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा आणि लसीची व ऑपरेशनची तारीख ठरवून टाका.