युद्धकालीन जीप : ओळख आणि जतन

दुसऱ्या महायुद्धाचा अभ्यास आपण तह, तारखा आणि सेनापती यांच्या आधारे करतो. त्या युद्धात धावलेली वाहनेही इतिहासाची साधने आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. त्यांपैकी जीप सर्वांच्या परिचयाची, म्हणून तिचाच विचार येथे करते.

युद्धकाळात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. लष्कराने पसंत केलेला नमुना विलीस कंपनीचा होता. परंतु मागणी इतकी प्रचंड, की फोर्ड कंपनीलाही त्याच नमुन्याच्या गाड्या बांधण्याचे काम देण्यात आले. दोन्हींचे सुटे भाग एकमेकींना बसत.

ओळखताना प्रथम पुढची जाळी पाहावी. युद्धकालीन जीपच्या दाबीव पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. (विलीसच्या अगदी आरंभीच्या गाड्यांची जाळी मात्र पोलादी पट्ट्यांची होती.) नागरी जीपचे मागचे फळकूट उघडते, युद्धकालीन जीपचे उघडत नाही. मुंबईत महिंद्र कंपनी १९४७ पासून जीप जोडू लागली. तेव्हा आपल्याकडे कोणी जुनी जीप 'मिलिटरीची' म्हणून दाखवली, तर आधी फटी मोजलेल्या बऱ्या!

विलीस की फोर्ड, हे चेसिस सांगते. पुढचा आडवा दांडा विलीसचा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी. फोर्डने तर बोल्टांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उठवले. माझे वडील गॅरेजात मिस्त्री आहेत. त्यांना अक्षरओळख नाही, पण कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून बसवलेला, हे ते हात फिरवून सांगतात. शिलालेखाचे वाचन याहून फार निराळे असेल असे मला वाटत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. युद्धात दुरुस्ती करताना हाती लागेल तो भाग बसवला जाई. त्यामुळे विलीसच्या सांगाड्यावर फोर्डचे भाग सापडतात. हौशी मंडळी गाडी 'शुद्ध' करण्यासाठी ते काढून टाकतात, सगळा रंग खरवडतात, नवा हिरवा रंग चढवतात. गाडी झकास दिसते, पण तिचा पुरावा गेलेला असतो. जुन्या रंगाच्या थरांखाली पलटणीच्या खुणा आणि क्रमांक दडलेले असू शकतात. म्हणून आधी छायाचित्रे घ्यावीत, चेसिसचा क्रमांक उतरवून घ्यावा, बारीक पॉलिशपेपरने एकेक थर हलक्या हाताने उतरवत पाहावा. गंजाचे काम त्यानंतर.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. आपल्या इतिहास मंडळाने तेथे सहल काढल्यास वही आणि मोजपट्टी बरोबर असावी.