लुगडे टाकाऊ कधी होते?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात जुन्या कापडांपासून कलाकृती करण्याचे तीन दिवसांचे शिबिर झाले. फळ्यावर लिहिले होते, ‘टाकाऊतून टिकाऊ’. मी आईचे विरलेले लुगडे नेले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. वाकळ पांघरूनच मी लहानाची मोठी झाले. पण वसतिगृहात येताना लाजेने ती घरीच ठेवली होती. ती अभ्यासाचा विषय होऊ शकते, हे मला नवीन होते.

शिवायला बसल्यावर पहिला धडा मिळाला. पॉलिएस्टरच्या साड्यांचे थर एकमेकींवरून घसरत. सुती थर मात्र जागच्या जागी बसत. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुतातून सुई सहज जाते, शिवाय ते घाम शोषते. लुगडे मधे आधी विरते, काठ शेवटपर्यंत टिकतात. म्हणून विरलेला भाग आतल्या थरात, धड भाग वर आणि काठ कडेला. मग कडेपासून आत धावदोरा घालत जायचे. टाके जवळजवळ पडले की थर एकजीव होतात. आईला सही करता येत नाही. पण कोणता तुकडा कुठे लावावा, हा हिशेब तिला तोंडपाठ आहे.

बंगालची कांथाही जुन्या साड्या-धोतरांचे थर शिवूनच होते. तिच्या भरतकामाचा दोराही पूर्वी साडीच्या काठातून काढीत. दूर चिली देशात १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि अनेक माणसे बेपत्ता झाली. तेव्हा त्यांच्या घरच्या स्त्रियांनी सान्तियागो शहरात एकत्र बसून, गोणपाटावर कापडाचे तुकडे शिवून चित्रे केली. त्यांना ‘अर्पियेरा’ म्हणतात. जे उघड बोलता येत नव्हते, ते त्या चिंध्यांनी जगाला सांगितले.

शिबिराच्या समारोपात मी एवढेच म्हणाले, की फळ्यावरचे शीर्षक मला खटकते. आईच्या लेखी ते लुगडे टाकाऊ कधीच नव्हते. ज्याला टाकणे परवडते, त्याच्याकडेच टाकाऊ वस्तू असतात. मात्र गरिबीचे कौतुकही नको. आईने वाकळ हौसेने नव्हे, थंडीसाठी शिवली. पुढच्या शिबिरात शिकवायला अशाच एखाद्या बाईला बोलवावे आणि इतर मार्गदर्शकांइतकेच मानधन द्यावे, असे मला वाटते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर परतताना मी वाकळ बरोबर आणली. आता ती माझ्या खाटेवर असते.