तिमोर : एका नव्या राष्ट्राची शाळा

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आग्नेय आशियाचा नकाशा भिंतीवर लावला असता एका मुलीने आम्हांस विचारले, "सर, बेट एवढेसे, मग त्याला रंग दोन का?" ते बेट तिमोर होय. त्याचा पश्चिम भाग इंडोनेशियाच्या रंगात आणि पूर्व भाग निराळ्या रंगात होता. उत्तर देऊ लागलो तोच घंटा झाली. ते राहिलेले उत्तर येथे देत आहो.

उत्तराची सुरुवात आपल्या गोव्यापासूनच करावी लागते. चंदनाच्या लोभाने पोर्तुगीज सोळाव्या शतकात तिमोरास पोहोचले आणि पुढे दीर्घकाळ तेथील कारभार गोव्याच्या सत्तेखाली चालला. १८४४ मध्ये तो मकावकडे सोपविण्यात आला. बेटाच्या पश्चिमेस डच होते. १८५९ च्या तहाने दोघांनी बेट वाटून घेतले, आणि डचांचा भाग पुढे इंडोनेशियात गेला. दोन रंग ते हे. एकाच धन्याची चाकरी केल्याच्या खुणा मात्र आजही सापडतात. आपल्या घरांतील 'जनेल' तेथील तेतुम भाषेत 'जनेला' आहे, 'इश्कोल' तेथे 'एस्कोला' आहे, आणि आपला 'पाव' तेथे 'पाऊन' या नावाने खाल्ला जातो.

साम्य येथेच संपते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा राज्यघटना, न्यायालये, विद्यापीठे, चलन हे सर्व सिद्ध असलेल्या एका मोठ्या राष्ट्राचा तो भाग झाला. आपल्याला घर आयते मिळाले; भांडलो ते खोल्यांवरून. तिमोरला पायापासून घर बांधावयाचे होते, आणि तेही जळलेल्या जागेवर.

१९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी पूर्व तिमोरने स्वातंत्र्य घोषित केले आणि नवव्या दिवशी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचे सैन्य उतरले. त्यानंतरची चोवीस वर्षे परक्या अमलाची. पुढे नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या अंदाजाप्रमाणे या संघर्षापायी निदान १,०२,८०० माणसे मेली, आणि त्यांतील सुमारे ८४,२०० भुकेने व रोगराईने. ३० ऑगस्ट १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झाले. ७८.५ टक्के मते इंडोनेशियात राहण्याविरुद्ध पडली. त्याचा सूड म्हणून इंडोनेशियाच्या सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी गावेच्या गावे जाळली. अडीच वर्षे संयुक्त राष्ट्रांनी राज्य चालविले, आणि २० मे २००२ च्या मध्यरात्री दिली या राजधानीत नवा ध्वज चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या राष्ट्राच्या हाती काय होते? चलन स्वतःचे नव्हते. अमेरिकन डॉलर चालत होता व आजही चालतो. बहुतेक शाळांची छपरे १९९९ मध्येच जळाली होती. माध्यमिक शाळांतील बहुसंख्य शिक्षक इंडोनेशियन होते. ते निघून गेले होते. आणि मुलांना शिकवावे कोणत्या भाषेत, हा प्रश्न तर ध्वज चढल्यावरही तसाच उभा होता.

या प्रश्नापाशी आम्ही थोडे थांबणार आहो, कारण तो आमच्या धंद्याचा आहे. राज्यघटनेने तेतुम व पोर्तुगीज या दोन राजभाषा ठरविल्या. इंडोनेशियन व इंग्रजी यांना कामकाजाच्या भाषा म्हणून जागा दिली. पोर्तुगीज ही डोंगरांत लढलेल्या व परदेशांत राहून झगडलेल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांची भाषा होती. चोवीस वर्षे ती शाळांतून हद्दपार होती; त्या काळात शिकलेली पिढी इंडोनेशियन भाषेत वाढली. शत्रूची म्हणून ती भाषा टाकावी, तर तरुणांची विद्या वाया जाते. जुन्या धन्याची भाषा घ्यावी, तर शिक्षकालाच ती येत नाही. तरीही पोर्तुगीजच स्वीकारली गेली, आणि रात्री शिकलेला धडा शिक्षकाने सकाळी मुलांना शिकवावा अशी पाळी कित्येकांवर आली. त्यातून काय निष्पन्न झाले? २००९ च्या वाचनचाचणीत पहिलीच्या अखेरीस शेकडा ७० हून अधिक मुलांना साध्या उताऱ्यातील एकही शब्द वाचता आला नाही. मुले मंद होती काय? मुळीच नाही. ती घरी मांबाई बोलत, माकासाए बोलत, फातालुकू बोलत. पुस्तक मात्र भलत्याच भाषेत होते.

२०१२ मध्ये तीन जिल्ह्यांतील काही शाळांत फातालुकू, गालोलेन व बाइकेनो या मातृभाषांतून शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. यामुळे राष्ट्राचे तुकडे होतील, अशी ओरड झाली. मुलांची परीक्षा घेतली तेव्हा मातृभाषेतून शिकलेली मुले पुढे असल्याचे दिसून आले. हे वाचताना आम्हांस स्वतःची थोडी लाज वाटली, हे कबूल करतो. आम्ही घरी कोंकणी बोलणारे आणि शाळेत मराठी शिकविणारे. दोन्ही भाषा आम्हांस आपल्या वाटतात. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी कोंकणीत उत्तर देणाऱ्या मुलास आम्ही मध्येच थांबवीत असू. त्याचे उत्तर बरोबर होते की नाही, हे पाहण्यास आम्ही थांबलो नाही.

दुसरा प्रश्न शेजाऱ्याचा. घर जाळणारा माणूस बहुधा त्याच गावचा होता, आणि सीमेपलीकडून तो परत आला. त्याचे काय करावे? तेथे चटई अंथरून तंटा मिटविण्याची जुनी रीत आहे. ती चटई म्हणजे 'बिती'. आयोगाने हीच रीत हाती घेतली. लहान गुन्हे केलेल्याने गावासमोर चटईवर बसून कबुली द्यावयाची, आणि छप्पर घालून द्यावे, क्षमा मागावी, असे गाव सांगेल ते करावयाचे. तेराशेहून अधिक माणसे या मार्गाने आपापल्या गावांत परत सामावली. हत्येचे हुकूम देणारे मोठे अधिकारी मात्र इंडोनेशियातच राहिले व शिक्षेवाचून सुटले. शेजारधर्मासाठी ही किंमत द्यावी लागली, असे तेथील पुढारी म्हणतात. ज्यांची माणसे गेली त्यांना ती फार जड वाटते, आणि आमचे मन त्यांच्याच बाजूला झुकते.

पुढे घरातच वणवा पेटला. २००६ मध्ये पक्षपाताची तक्रार करणाऱ्या सुमारे ६०० सैनिकांना बडतर्फ करताच पूर्वेकडचे व पश्चिमेकडचे असा भेद उफाळला, आणि दीड लाखाच्या आसपास लोक बेघर झाले. देशाची वस्ती २०२२ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे १३ लाख ४० हजार, म्हणजे आपल्या गोव्याहून थोडीच कमी. तेव्हा हा आकडा केवढा, याचा विचार करावा.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. समुद्रातून तेल व वायू निघाला. नॉर्वेचा कित्ता गिरवून २००५ मध्ये त्याचा निधी उभारला गेला. तो २०२३ अखेर सुमारे १८ अब्ज डॉलरांचा होता. परंतु बायु-उंदान या मुख्य क्षेत्रातून ऑस्ट्रेलियाच्या डार्विन बंदराकडे जाणारा वायूचा ओघ थांबला, आणि सरकारचा बहुतेक खर्च अजूनही याच निधीतून चालतो. आंब्याचे झाड पाडून फळे खाण्यासारखाच हा प्रकार आहे. तेलाखेरीज निर्यात म्हणावी ती मुख्यतः कॉफीची. २०२० च्या पाहणीत पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ४७ मुले कुपोषणाने खुरटलेली आढळली. निधी एवढा असता ही मुले खुरटावीत, याचे समाधानकारक कारण आम्हांस कोठे वाचावयास मिळाले नाही.

तरी सर्व चित्र काळेच आहे असे कोणी समजू नये. २००६ मध्ये हिवतापाचे दोन लाखांहून अधिक रुग्ण नोंदविणारा हा देश जुलै २०२५ मध्ये हिवतापमुक्त म्हणून जाहीर झाला. डासांचा त्रास सोसणाऱ्या आपणांस हे किती अवघड आहे ते वेगळे सांगावयास नको. क्यूबाने तेथील शेकडो तरुणांना डॉक्टरकीचे शिक्षण दिले, आणि ते डॉक्टर डोंगरातील गावांत काम करू लागले. निवडणुकीत हरलेले पक्ष सत्ता सोडू लागले. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी आग्नेय आशियातील राष्ट्रांच्या संघटनेत तिमोर-लेस्तेला अकरावा सभासद म्हणून प्रवेश मिळाला. इंडोनेशिया हा त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. त्या दिवशी क्वालालंपूरला तिमोरचे पंतप्रधान म्हणून उपस्थित होते शनाना गुश्मांव. १९९२ मध्ये इंडोनेशियाने त्यांना पकडले होते व जकार्ताच्या तुरुंगात टाकले होते.