आवाजाची परीक्षा

१८७८ साली अमेरिकेतील न्यू हेवन या नगरात दूरध्वनीचे पहिले व्यापारी केंद्र सुरू झाले. त्या काळी एका घरचा दूरध्वनी दुसऱ्या घराशी आपोआप जोडला जात नसे. ग्राहकाने यंत्र उचलले, की केंद्रात फळ्यापुढे बसलेला चालक ‘कोण हवे आहे?’ असे विचारी आणि दोघांच्या तारा हाताने जोडून देई. ग्राहकाला त्याचा चेहरा कधी दिसत नसे. कंपनी म्हणजे कानावर पडणारा तो एक आवाज!

आरंभी या कामावर मुलगे नेमण्यात आले. तारेचे निरोप पोचविण्याच्या कामी मुलगे तरबेज होते. तेव्हा येथेही ते उपयोगी पडतील, असे कंपन्यांना वाटले. मुलगे चपळ होते खरे. पण त्यांच्या जिभेला हाड नव्हते. ते आपसांत मारामाऱ्या करीत, ग्राहकांची थट्टा करीत, प्रसंगी त्यांना शिव्याही देत. दिवसभर एका जागी बसून परक्यांची घाई आणि चिडचिड सोसणे हे कोवळ्या वयाला सोपे नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

१ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टन शहरात एम्मा नट ही तरुणी फळ्यापुढे येऊन बसली. त्यापूर्वी ती तारकचेरीत काम करीत असे. तिचा स्वर मृदू आणि बोलणे शांत होते. ग्राहक संतुष्ट झाले. तिच्यामागून तिची बहीण स्टेला हीदेखील त्याच कामावर रुजू झाली. एम्माला आठवड्यास ५४ तास काम असे आणि वेतन होते महिना १० डॉलर. ग्राहकांना गोड वाटणारा आवाज कंपनीला स्वस्तातच मिळाला, असे म्हटले पाहिजे.

पुढे कंपन्या मोठ्या झाल्या आणि उमेदवार तरुणींच्या मुलाखती काटेकोर होऊ लागल्या. उंची मोजली जाई. कारण बसल्या जागेवरून हात फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे. डोळे आणि कान तपासले जात. मुख्य परीक्षा मात्र बोलण्याची असे. उच्चार स्वच्छ आहेत काय, आवाज कर्कश तर नाही ना, हे अधिकारी लक्षपूर्वक ऐकत. निवड झाल्यावरही शिक्षण संपत नसे. इंग्रजीतील ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ हे आकडे तारेवर सारखेच ऐकू येतात. म्हणून ते लांबवून, तोडून म्हणण्याचा सराव करावा लागे. ग्राहक कितीही संतापला तरी उलट उत्तर द्यावयाचे नाही, ठरवून दिलेली सौम्य वाक्येच उच्चारावयाची, असा नियम होता. स्वतः रागावण्याची मुभा त्या तरुणींना नव्हती.

ही परीक्षा सर्वांना खुली होती काय? नव्हती. ज्यांच्या बोलण्यात परदेशी वळण जाणवे, अशा मुलींना बहुधा नकार मिळे. कृष्णवर्णीय तरुणींची तर मुलाखतच होत नसे. ज्या कामात चेहरा दिसतच नाही, त्या कामासाठी त्यांचा वर्ण पाहिला जाई आणि आवाज न ऐकताच त्यांना दारातून परत पाठविले जाई. त्यांनी व त्यांच्या पाठीराख्यांनी याविरुद्ध दीर्घकाळ झगडा दिला. १९४० नंतरच्या दशकात कोठे काही मोठ्या शहरांतील फळ्यांपुढे त्यांना जागा मिळू लागली. पण तोवर ग्राहकाने स्वतः आकडे फिरवून जोडणी करण्याची यंत्रे ठिकठिकाणी आली होती आणि फळ्यांपुढील खुर्च्या एकेक करून रिकाम्या होऊ लागल्या होत्या.